बर्फावर नाच बसवणारे जॉन करी



यंदाच्या स्नेहसंमेलनाच्या नाचाची यादी मी फळ्याशेजारी लावली होती. तिसऱ्या दिवशी पाहतो तो एका मुलाचे नाव खोडलेले. तेही पेनाने नाही, खोडरबराने. कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून. पण कागद खरवडलेला दिसतोच की! मी त्याला बाजूला घेऊन विचारले. आधी बोलेचना. मग हळूहळू कळले. मुलांनी लेझीम खेळावी, कवायत करावी, पण हात वळवून नाचणे हे पोरींचे काम, असे कोणीतरी चिडवले होते. घरीही तसेच काहीसे बोलणे झाले असावे. त्या मुलाचे नाव मी येथे लिहीत नाही. आपले भित्तिपत्रक निम्मे गाव येता-जाता वाचते.

घरी गेल्यावर मला जॉन करी यांची आठवण झाली. फार वर्षांपूर्वी रद्दीत आलेल्या एका मासिकात मी त्यांचे छायाचित्र पाहिले होते. एक पाय बर्फावर, दुसरा मागे लांब ताणलेला, हात पक्ष्याच्या पंखांसारखे पसरलेले. खेळाडू म्हणावा तर नर्तक वाटतो आणि नर्तक म्हणावा तर पायात लोखंडी पाती! तेव्हापासून मिळेल तेथे त्यांच्याविषयी वाचत आलो. म्हणून या वेळी त्यांचे चरित्र सांगतो.

पण आधी बर्फाचे सांगायला हवे. आपल्याकडे बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा. थंड देशांत हिवाळ्यात तळी गोठतात आणि माणसे बुटाला पाते लावून त्यावरून घसरत जातात. यालाच स्केटिंग म्हणतात. आपल्या देशातही शिमल्याला १९२० सालापासून असे मैदान आहे. आता मोठ्या शहरांतून यंत्राने बर्फ गोठवून बंदिस्त मैदाने करतात. स्पर्धेचे मैदान साठ मीटर लांब आणि तीस मीटर रुंद असते. आपल्या कबड्डीची डझनभर मैदाने त्यात मावतील.

आणि पाते केवढे? रुंदीला साधारण चार मिलिमीटर. त्याच्याही तळाला मधोमध लांबच लांब खाच असते. त्यामुळे पात्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा होतात. अंग एका बाजूला कलले की माणूस त्या बाजूच्या धारेवर जातो आणि बर्फावर वळणदार रेघ उमटते. सगळी गंमत या धारेत आहे. धार ज्याला साधली, त्याचा पाय बर्फावर गातो म्हणा ना.

पूर्वी स्पर्धेत अशा रेघाच काढायच्या असत. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी आकृती एकदा काढायची, मग त्याच रेघेवरून पुन्हा पुन्हा जायचे. परीक्षक वाकून वाकून रेघा तपासत. त्यात नाच कोठून येणार? तो आणला जॅक्सन हेन्स नावाच्या एका अमेरिकन नर्तकाने. १८६० नंतरच्या काळात तो युरोपात गेला. ऑस्ट्रियातील व्हिएन्ना हे संगीतवेड्या लोकांचे शहर. तेथे त्याने वॉल्ट्झच्या तालावर बर्फात नाचून दाखवले आणि लोक खूष झाले. हेन्स १८७५ साली फिनलंडमध्ये वारला. त्याच्या मागे संगीत राहिले खरे, पण शंभर वर्षांनंतरही बऱ्याच खेळाडूंच्या मनात त्याची जागा दुय्यमच होती. गाणे आपले वाजत राहायचे आणि खेळाडू आपल्या उड्या मारत राहायचा. यात्रेत पाळणा फिरतो आणि कर्ण्यावर कसलेही गाणे चालू असते ना, तसेच.

आता जॉनकडे येऊ.

जॉनचा जन्म ९ सप्टेंबर १९४९ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात झाला. तीन भावांत हा धाकटा. वडिलांचा स्वतःचा कारखाना होता. घर खाऊनपिऊन सुखी. जॉनला मात्र अगदी लहानपणापासून एकच ध्यास होता, नाच. बॅले नावाचे युरोपातील शास्त्रीय नृत्य त्याला शिकायचे होते. आपल्याकडे कथक, भरतनाट्यम तसे ते. त्याने वडिलांना विचारले. वडील नाही म्हणाले. मुलाने नाच शिकायचा नाही, विषय संपला.

यावर मी त्या वडिलांना फार नावे ठेवत नाही. माझे वडीलही तसेच होते. आमच्या गावी गणपतीत मेळा बसायचा. मी खांबाआड उभा राहून सगळ्या चाली पाठ केल्या होत्या. एका रात्री वडिलांनी पाहिले, कानाला धरून घरी नेले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बैलांचे कासरे हाती दिले. त्यांना राग नव्हता, भीती होती. लोक काय म्हणतील ही भीती बर्मिंगहॅममध्येही आहे हे वाचून मला खरेच नवल वाटले होते.

पण जॉनच्या हाती एक वाट लागली. सात वर्षांचा असताना त्याने टेलिव्हिजनवर बर्फावरचा खेळ पाहिला आणि स्केटिंग शिकू का, असे विचारले. स्केटिंग हा खेळ! खेळाला वडिलांची ना नव्हती. झाले, पोरगा स्केटिंगला जाऊ लागला. वडिलांना वाटले मुलगा खेळतोय. मुलगा नाचत होता.

जॉन पंधरा-सोळा वर्षांचा असताना, १९६५ साली, त्याचे वडील वारले. पुढे तो शिकण्यासाठी लंडनला गेला. तेथे पोटासाठी दुकानात काम, त्यातून वेळ काढून बर्फावरचा सराव, आणि आता अडवणारे कोणी नसल्यामुळे बॅलेचेही धडे. बॅलेत शिकलेले तो बर्फावर आणी. हात कोठे ठेवायचा, मान कोठे वळवायची, बोटे कशी सुटी सोडायची, याचा विचार करी. आणि तेथेच त्याचे अडले. काही परीक्षकांना आणि जाणत्यांना त्याचे खेळणे फार नाजूक वाटे. पुरुषाने कसे जोरकस खेळावे, हात अंगाशी ठेवावेत, असे त्याला सांगितले जाई. म्हणजे वडिलांनी जे म्हटले तेच पुन्हा! १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये त्याचा अकरावा क्रमांक आला.

दुसरा कोणी असता तर त्याने हात अंगाशी घेतले असते. जॉन करींनी तसे केले नाही. पण नुसते रुसूनही ते बसले नाहीत. त्यांनी ओळखले की आपल्या उड्या कच्च्या आहेत. उडी चुकली की लोक लगेच बोट दाखवणार, बघा, याला नुसते नाचता येते. एका अमेरिकन गृहस्थांनी खर्च उचलला आणि ते अमेरिकेत शिकायला गेले. गस लुसी नावाच्या वयस्क गुरूंनी त्यांना उडी पहिल्यापासून, अगदी एका गिरकीच्या उडीपासून पुन्हा शिकायला लावली. वय वीस-पंचवीस, देशाचा विजेता, आणि बसवले पुन्हा बिगरीत! ते बसले. पुढे कार्लो फासी नावाच्या प्रशिक्षकांकडे त्यांची तयारी झाली.

आता मुख्य गोष्ट. गाणे कसे निवडले आणि त्यावर नाच कसा बसवला.

त्या काळी पुरुषांच्या मुक्त प्रकाराला पाच मिनिटे मिळत. संगीत वाजवायचे ते वाद्यांचे, गायलेले शब्द त्यात चालत नसत. नऊ परीक्षक प्रत्येकी दोन गुण देत, एक कसबाचा आणि एक कलेचा, दोन्ही सहापैकी. रीत अशी पडली होती की सुरुवात जलद, मध्ये थोडे संथ, शेवट पुन्हा जलद. संथ भाग कशाला? तर दम घ्यायला! मग तीन निरनिराळ्या रेकॉर्डवरून तीन तुकडे घ्यायचे, टेपची पट्टी ब्लेडने कापायची आणि चिकटपट्टीने जोडायची. एक तुकडा लग्नातल्या बँडचा, दुसरा भजनाचा आणि तिसरा तमाशाचा असे जोडून पाहा, कसे वाटेल?

करींनी एकच संगीत धरले, डॉन क्विक्झोट नावाच्या बॅलेचे. डॉन क्विक्झोट म्हणजे पवनचक्कीला राक्षस समजून तिच्यावर भाला घेऊन धावणारा तो स्पॅनिश म्हातारा, त्याची गोष्ट तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. हा बॅले १८६९ साली मॉस्कोत प्रथम झाला आणि त्याचे संगीत लुडविग मिंकुस यांनी रचले. मिंकुस हे पहिल्या प्रतीचे संगीतकार नव्हेत असे जाणकार म्हणतात. पण त्यांचे संगीत नाचासाठीच रचलेले आहे. त्यात ठेका स्पष्ट आहे, वळणे ठळक आहेत, आणि नर्तकाने उडी घ्यावी अशा जागा मुद्दाम ठेवलेल्या आहेत. श्रेष्ठ संगीत आणि नाचायला सोयीचे संगीत या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपण गाणे निवडताना नेमके येथेच चुकतो. रेडिओवर गाजलेले म्हणून घेतो आणि मग पोरं दुसऱ्या कडव्यात नुसती उभी राहतात.

उडीचे गणित पाहा. तीन गिरक्यांच्या उडीत माणूस हवेत एक सेकंदही नसतो. पण त्याआधी वेग घ्यायला काही सेकंद जातात. बहुतेक खेळाडू ते सेकंद नुसते घसरत काढत आणि पाहणाऱ्यालाही कळे, आता उडी येणार. करींच्या नाचात ते सेकंद रिकामे नाहीत. पावले, वळणे, हाताची हालचाल, सगळे सुरांबरोबर चाललेले असते आणि त्यातूनच उडी निघते. आपल्याकडे पखवाजवाला कितीही बोल वाजवो, शेवटी समेवर येतो ना? तसे त्यांचे पाय खाली येतात. ती पाच मिनिटे अजून पाहायला मिळतात. मी मोबाईलवर दहा वेळा तरी पाहिली असतील. एकदा आवाज बंद करून पाहिली. तरी गाणे चालू आहे असेच वाटत होते.

आणि तो मधला संथ भाग. तेथे ते दम घेत नाहीत, उलट तोच भाग सगळ्यांत अवघड केला आहे. जलद गाण्यात पाय लटपटला तर वेगात झाकून जातो. संथ गाण्यात मुंगीएवढी चूकही दिसते. एका पायावर, एका धारेवर, लांबच लांब वळण, मान सरळ, हात सावकाश उघडणारे. हे करायला पोटरीत केवढे बळ लागत असेल! नाजूक म्हणणाऱ्यांनी एकदा करून पाहावे.

१९७६ साल उजाडले. जानेवारीत युरोपचे अजिंक्यपद त्यांनी मिळवले. फेब्रुवारीत ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे हिवाळी ऑलिंपिक होते. संचलनात ब्रिटनचा ध्वज करींच्याच हाती होता. ११ फेब्रुवारीच्या रात्री ते बर्फावर उतरले. तीन गिरक्यांच्या तीन उड्या त्यांनी स्वच्छ घेतल्या, म्हणजे बोट दाखवायला जागा उरली नाही. बाकी सगळा नाच. त्यांना सुवर्णपदक मिळाले. रशियाचे कोवालेव्ह दुसरे आणि कॅनडाचे टोलर क्रॅन्स्टन तिसरे. हे क्रॅन्स्टनही कलावंत वृत्तीचे होते, चित्रे काढायचे. ब्रिटनच्या पुरुषाने फिगर स्केटिंगमध्ये ऑलिंपिक सुवर्ण मिळवण्याची ती पहिलीच वेळ. मार्चमध्ये जगज्जेतेपदही आले. एकाच वर्षात तिन्ही.

आता गंमत ऐका. एवढे सगळे मिळाल्यावर करींनी स्पर्धा सोडून दिली. मुळात त्यांना पदके हवी होती ती नाचायला मिळावे म्हणून. आता नाव झाले होते. त्यांनी स्वतःची मंडळी उभी केली, नाटक कंपनीसारखी. १९७६ च्या अखेरीस लंडनमध्ये आणि १९७८ मध्ये न्यूयॉर्कला, नाट्यगृहाच्या रंगमंचावर बर्फ गोठवून त्यांनी प्रयोग केले. ट्वायला थार्प, केनेथ मॅकमिलन अशा मोठमोठ्या नृत्यरचनाकारांना त्यांनी बर्फासाठी नाच बसवायला सांगितले. या मंडळींनी जन्मभर लाकडी जमिनीवर नाच बसवलेले. जमिनीवर माणूस थांबायचे म्हटले की थांबतो. बर्फावर थांबला तरी सरकतोच! त्यामुळे त्यांनाही नव्याने विचार करावा लागला.

आता पाच मिनिटांची अट नव्हती, परीक्षक नव्हते. करींनी देबुसी या फ्रेंच संगीतकाराचे संगीत घेतले, ज्याला ठेका म्हणून सहज सापडत नाही. धुक्यासारखे पसरणारे संगीत ते. स्पर्धेत असे कोणी घेतले असते तर लोकांनी वेड्यात काढले असते. मंडळीतील सगळ्यांना ते रोज एकत्र उभे करून धारेचे धडे देत. कितीही मोठा खेळाडू असो, रोजचा पाढा चुकायचा नाही. १९८४ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरा हाऊस या प्रख्यात नाट्यगृहात त्यांच्या मंडळीचे प्रयोग झाले, समोर प्रत्यक्ष वाद्यवृंद. टेपचे तुकडे जोडण्याची गरज संपली होती.

पण बर्फ, वादक, एवढ्या कलावंतांचे पगार, हे गणित काही जमले नाही. त्यांची एकही मंडळी फार वर्षे टिकली नाही. स्वभावाने ते कडक होते, मनाला पटेना ते करत नसत. हे चांगले की वाईट, मला सांगता येणार नाही. मंडळी चालवायला थोडे मऊ व्हावे लागते, हे आमच्या गावचा तमाशाचा फड चालवणाराही सांगेल.

त्याच १९८४ साली ब्रिटनच्याच टॉरव्हिल आणि डीन या जोडीने ऑलिंपिकमध्ये बर्फावरच्या जोडीनृत्याचे सुवर्ण मिळवले. त्यांची युक्ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यांनी राव्हेल यांचे बोलेरो हे एकच संगीत घेतले. मूळ रचना पंधरा मिनिटांच्या आसपास. ती कापून कापून चार मिनिटे अठ्ठावीस सेकंदांवर आणली, पण नियम होता चार मिनिटे दहा सेकंदांचा. अजून कापले तर संगीताचा जीव जाणार. मग त्यांनी नियम नीट वाचला. घड्याळ सुरू होते ते पाते बर्फावर चालू लागल्यावर. म्हणून पहिले अठरा सेकंद दोघेही गुडघ्यांवर बसून नुसते डोलत राहिले! नऊच्या नऊ परीक्षकांनी कलेसाठी सहापैकी सहा गुण दिले. आणि २०१० साली डेव्हिस आणि व्हाइट या अमेरिकन जोडीने तर आपल्या हिंदी चित्रपटांच्या गाण्यांवर बर्फात नाच केला. त्यातले एक गाणे देवदास चित्रपटातले, ज्यावर आपल्या माधुरी दीक्षित नाचल्या आहेत तेच. नाच खोटा वाटू नये म्हणून त्यांनी भारतीय नृत्य शिकवणाऱ्या बाईंकडे धडे घेतले होते.

करींचे शेवटचे दिवस कष्टाचे गेले. त्यांना एड्सची बाधा झाली. त्या काळी या रोगाला आजच्यासारखी औषधे नव्हती आणि लोक रोग्याजवळ बसायलाही भीत. त्यांनी रोग लपवला नाही, १९९२ मध्ये उघडपणे सांगितला. शेवटची वर्षे ते इंग्लंडमध्ये आपल्या आईजवळ राहिले. १५ एप्रिल १९९४ रोजी ते गेले. वय अवघे चव्वेचाळीस.

ही गोष्ट मी त्या मुलाला सांगितली. तो काही बोलला नाही. फक्त, इन्सब्रुकच्या त्या पाच मिनिटांत मधला संथ भाग किती वेळ चालतो, एवढे विचारले. मी मोबाईल त्याच्या हातात दिला.

यादी अजून फळ्याशेजारी आहे, पेन्सिल दोऱ्याला बांधली आहे. गाणे अद्याप ठरलेले नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सर्वांनी थांबावे. पाच-सहा गाणी आणली आहेत. पहिल्या दिवशी नाचायचे नाही. डोळे मिटून, सतरंजीवर बसून, नुसते ऐकायचे, आणि पाय आपोआप कोठे हलतो ते मला सांगायचे.

तुमचे गुरुजी